लहान मुलांच्या घरातलं थँक्सगिव्हिंग: गुरुवार ते रविवार, घरच्या घरी

सगळ्यात आधी जेवायची वेळ ठरवा. टर्की (कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी), ‘पाय’ (ओव्हनमध्ये भाजलेला, सारण भरलेला गोड पदार्थ), पाहुणे, सजावट हे सगळं त्यानंतर. अमेरिकन घरांत थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे आभार मानायच्या सणाचं, जेवण बहुधा दुपारी तीन-चारच्या सुमारास होतं. ज्या घरात तीन वर्षांचं पोर आहे, त्या घरासाठी याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडायची नाही. सकाळचा नाश्ता जिरलेला, दुपारची झोप हुकलेली, त्यात ओव्हनचा घमघमाट आणि ‘थांब, पाहुणे येऊ देत’ हे पालुपद. ताटं टेबलावर येईपर्यंत पोर एकतर रडून झोपलेलं असतं, नाहीतर बिस्किटं खाऊन पोट भरून बसलेलं असतं.

त्यापेक्षा साडेबाराला जेवा. दीड-दोनपर्यंत मुलं झोपतात आणि मोठ्यांना चहा-पाय निवांत मिळतो. ते जमत नसेल तर मुलांची झोप झाल्यावर थेट पाचला. मधली वेळ टाळा. खालचं सगळं वेळापत्रक साडेबारा धरून दिलं आहे.

कॅलेंडरात एक गोष्ट आधीच बघून ठेवा. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतं आणि काही वर्षी तो गुरुवार मार्गशीर्षातला निघतो. २०२२ मध्ये २४ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला पहिला मार्गशीर्ष गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले. घरात महालक्ष्मीचं व्रत असेल तर दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा आणि मग नैवेद्याचं जेवण. अशा वर्षी पाचची वेळ आपोआपच ठरते. उत्तरेकडच्या राज्यांत तोवर अंधारही पडलेला असतो, त्यामुळे ‘रात्र झाली का?’ म्हणणारी मुलंही खूश. मांसाहारी घरांनी त्या वर्षी टर्की शुक्रवारवर ढकलावी. सुट्टी शुक्रवारीही असते आणि टर्कीला वाराचं काही नसतं.

टर्की आणायचीच का?

दोन मोठी आणि दोन लहान माणसं असलेल्या घराला अख्खी टर्की लागत नाही. हिशेब माणशी एक ते दीड पौंडाचा धरतात, पण दुकानात बारा पौंडांच्या खालचा पक्षी सहसा दिसत नाही. दहा जण जेवायला असतील तरच अख्खी घ्या. एरवी नुसतं टर्की ब्रेस्ट किंवा सरळ एक चांगली कोंबडी भाजावी. मुलांना फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मोठ्यांनाही कोंबडीच जास्त आवडते.

अख्खी आणणार असाल तर सगळी गंमत ती वितळण्यात आहे. फ्रीझरमधल्या टर्कीला फ्रीजमध्ये ठेवून वितळायला दर चार-पाच पौंडांमागे चोवीस तास लागतात. म्हणजे बारा पौंडांच्या टर्कीला तीन दिवस. ती रविवारी रात्री फ्रीजमध्ये गेली पाहिजे, खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये. बुधवारी रात्री लक्षात आलं की आत बर्फच आहे, तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवा. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. म्हणजे सहा तासांची रात्रपाळी. ओट्यावर ठेवून वितळवायची नाही.

आणखी एक सवय मोडावी लागते. आपण चिकन धुतल्याशिवाय पातेल्यात घालत नाही. पण टर्की धुताना पाण्याचे शिंतोडे दोन-दोन हात लांब उडतात, आणि सिंकच्या त्याच कडेला बाळाच्या दुधाच्या बाटल्या वाळत असतात. धुऊ नका. पेपर टॉवेलने टिपून घ्या, हात साबणाने धुवा आणि मसाला चोळा. दही, आलं-लसूण, लाल तिखट आणि थोडा गरम मसाला कातडीच्या आत सारला तर मांस कोरडं होत नाही. मुलांसाठी एक तंगडी बिनतिखट ठेवा.

शाकाहारी घरांसाठी लेबलं

शाकाहारी थँक्सगिव्हिंग अवघड नाही, पण तयार वस्तूंची लेबलं वाचावी लागतात. डब्यातल्या स्टफिंगच्या (टर्कीबरोबर खातात त्या पावाच्या सारणाच्या) मिश्रणात बऱ्याचदा चिकनचा अर्क असतो. काही तयार पाय क्रस्टमध्ये, म्हणजे पायच्या पिठाच्या पारीत, लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. रताळ्यांवर घालतात त्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासूनच बनतं. पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) असेल तर यजमानांना नुसतं ‘आम्ही व्हेजिटेरियन’ सांगून भागत नाही, कारण टर्कीच्या रसातली ग्रेव्ही बटाट्यांवर ओतून ‘यात मांस नाही’ असं मनापासून सांगणारी माणसं असतात. ‘ब्रॉथ (मांसाचं किंवा भाज्यांचं उकळलेलं पाणी) कोणता वापरलाय?’ असा थेट प्रश्न विचारा.

मधोमध ठेवायला काहीतरी देखणं हवं, नाहीतर सणाचं टेबल वाटत नाही. एकॉर्न स्क्वॉश (छोटा हिरवा भोपळा) अर्धा चिरून, बिया काढून, तेल-मीठ लावून ४०० अंश फॅरनहाइटला पाऊण तास भाजा आणि त्या वाट्यांत मसालेभात भरा. वरून खोबरं-कोथिंबीर. प्रत्येकाच्या ताटात एक वाटी येते आणि आमच्याकडे तरी ती टर्कीच्या आधी संपते.

बाकी मेनू आखडता घ्या. मॅश केलेले बटाटे, फरसबीची भाजी, क्रॅनबेरीचं काहीतरी, गोड एक. आणि टेबलावर वरण-भात ठेवाच. सणाच्या दिवशी कसला वरण-भात, असं वाटेल. पण आठ नवे पदार्थ बघून बावरलेलं चार वर्षांचं मूल शेवटी तूप घातलेल्या वरण-भाताकडेच हात करतं, आणि पोट भरलेलं असलं की मग मजेत टर्कीचा एक तुकडाही चाखून बघतं.

सोमवार-मंगळवार: क्रॅनबेरीचा मेथांबा

क्रॅनबेरी सॉस लोक डब्यातून काढतात, तो डब्याच्याच आकारात थरथरत उभा राहतो. त्याऐवजी कैरीसारखाच मेथांबा करा. क्रॅनबेरी कैरीइतकीच आंबट असते आणि गूळ-मेथी तिला छान मानवते. ताज्या क्रॅनबेरीची बारा औंसांची पिशवी आणा. चमचाभर तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद घाला. मेथी बदामी झाली की धुऊन निथळलेल्या क्रॅनबेरी आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. झाकण विसरू नका. दोन-तीन मिनिटांत फळं फटाफट फुटायला लागतात आणि गरम रस उडतो. मुलांना लांबून आवाज ऐकू द्या, त्यांना तो फार आवडतो. सगळ्या फुटल्या की एक वाटी चिरलेला गूळ, तिखट, मीठ घालून आठ-दहा मिनिटं शिजवा. पातळ वाटला तरी आणखी आटवू नका. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असल्यामुळे गार झाल्यावर तो आपसूक घट्ट होतो. फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, म्हणून आधीच करून टाकायचा.

दुकानाची शेवटची फेरीही मंगळवारीच मारा. गुरुवारी कॉस्टको, टार्गेट, वॉलमार्ट तिन्ही बंद असतात. दूध, डायपर आणि मुलांचं तापाचं औषध घरात आहे ना, तेवढं बघा.

बुधवार: मुलांचं काम

शाळा बुधवारी अर्धा दिवस असते किंवा नसतेच. हा दिवस मुलांच्या हाती द्या आणि घारगे करा. पंपकिन पाय सगळीकडे मिळतोच, पण लाल भोपळ्याचे घारगे मुलांना स्वतः करता येतात.

भोपळ्याचा पंधरा औंसांचा डबा आणताना डब्यावर नुसतं ‘पंपकिन’ लिहिलंय ना ते बघा. शेजारीच ‘पंपकिन पाय मिक्स’चा डबा असतो, त्यात साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते.  डब्यातला गर बराच ओलसर असतो, म्हणून तो जाड बुडाच्या कढईत सात-आठ मिनिटं परतून आटवायचा. कडेने सुटायला लागला की पाऊण वाटी गूळ घालायचा आणि विरघळून एकजीव झाला की गॅस बंद. चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, दोन चमचे गरम तेलाचं मोहन. कोमट झाल्यावर दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. साधारण तीन वाट्या लागते, पण मोजून सगळी एकदम ओतू नका. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पीठ पुरीपेक्षा सैल आणि थोडं चिकटच राहतं, अर्ध्या तासाने सुधारतं.

मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून पुरीपेक्षा जाडसर थापायचा. इथे मुलं लागतात. दोन वर्षांचं मूल तळव्याने थापटतं, चार वर्षांचं कुकी कटरने पानं आणि टर्क्या कापतं. त्या टर्कीची मान तळताना हमखास तुटते, त्यावर थोडी रडारड होते, मग तीच मान आधी खाल्ली जाते. खसखस वरून दाबू द्या. तळण मुलं झोपल्यावर किंवा दुसऱ्या खोलीत कोणी त्यांना सांभाळत असताना, मध्यम आचेवर. घारगे दोन-तीन दिवस मऊ राहतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र हे नको, त्याला गूळ घालण्याआधीचा भोपळ्याचा गर वाटीत काढून ठेवा.

दुसरं काम नावाच्या चिठ्ठ्यांचं. रविवारच्या मराठी शाळेत जाणारी मुलं असतील तर प्रत्येक पाहुण्याचं नाव देवनागरीत लिहून ताटापाशी ठेवू द्या. अमेरिकन शेजारी ती चिठ्ठी हमखास घरी नेतात.

आभार मानायला लावायचं असेल तर तेही बुधवारीच आणि मूर्त स्वरूपात. तीन वर्षांच्या मुलाला ‘तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस?’ विचारलं तर ते ‘ट्रक’ म्हणतं. आणि ते बरोबरच असतं, कचऱ्याचा ट्रक दर आठवड्याला येतोच. मग त्या ट्रकवाल्या काकांसाठी चित्र काढायचं. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, डेकेअरच्या बाई, टपाल आणणाऱ्या मावशी, प्रत्येकाला एक चित्र आणि बंद पाकिटातला खाऊ. टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना रोख पैसे घेता येत नाहीत, वीस डॉलरपर्यंतची लहानशी भेट चालते. फूड बँकेला (गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेला) डबे द्यायचे असतील तर मात्र ते आधीच्या आठवड्यात, कारण त्यांचं वाटप गुरुवारच्या आधी उरकलेलं असतं. कोणता डबा द्यायचा ते दुकानात मुलालाच निवडू द्या.

गुरुवार

टर्की ३२५ अंशांवर भाजतात. बारा-चौदा पौंडांची, आत काही न भरलेली टर्की तीन ते पावणेचार तास घेते, म्हणून साडेबाराच्या जेवणासाठी ती आठ वाजता आत गेली पाहिजे. झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा, १६५ अंश फॅरनहाइट दिसलं की झाली. अर्धा तास मुरू द्या, तेवढ्यात ओव्हनमध्ये बाकीचं गरम होतं.

अमेरिकेत घरातल्या स्वयंपाकामुळे सर्वांत जास्त आगी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी लागतात. त्यामुळे सकाळी पहिलं काम म्हणजे रंगाऱ्याची निळी टेप घेऊन ओव्हन आणि शेगडीपासून तीन फुटांवर जमिनीवर पट्टी मारायची. ही लक्ष्मणरेषा. मुलांना टेप स्वतः चिकटवू द्या, म्हणजे ती दिवसभर दुसऱ्यांवर पहारा करतात. भांड्यांचे दांडे आत वळवलेले, तळण मागच्या बर्नरवर. आणि अंगणात टर्की तेलात तळायचा बेत कोणी मांडला तर मुलं मोठी होईपर्यंत त्याला नाही म्हणा.

साडेआठला टीव्ही लावा. न्यूयॉर्कची मेसीज या दुकानाची परेड १९२४ पासून चालत आली आहे आणि ती जवळजवळ दुपारपर्यंत चालते. पाच मजली इमारतीएवढे फुगे बघताना मुलं एका जागी बसतात, ही तुमची भाज्या चिरायची वेळ. पूर्वेकडच्या राज्यांत तेव्हा भारतात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, म्हणून आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि फोन टीव्हीकडे तोंड करून ठेवा. आजोबा विचारणार, हा कुत्रा कोण, आणि नातवंड पंधरा मिनिटं समजावणार. कॅलिफोर्नियात मात्र साडेआठला भारतात रात्रीचे दहा वाजतात. तिथल्यांनी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला फोन करावा, तिकडे गुरुवारची सकाळ आठची असते.

अकराला मुलांना बाहेर काढा. एक मोठं माणूस आणि सगळी मुलं, अर्धा तास, थंडी असली तरी. पुष्कळ गावांत सकाळी ‘टर्की ट्रॉट’ची शर्यत असते. बफेलोची तर १८९६ पासून चालू आहे. लहानग्यांसाठी वेगळी छोटी धाव असेल तर नाव नोंदवा, नसेल तर गल्लीला फेरी मारा.

पाहुण्यांबद्दल एक सुचवते. जवळच्या विद्यापीठात शिकायला आलेल्या एक-दोन मराठी मुलामुलींना बोलवा. बरेच जण या चार दिवसांत एकटे पडतात, मेस बंद असते आणि घरच्या जेवणाची आठवण येत असते. त्यांना जेवण मिळतं, तुमच्या मुलांना हक्काचे ताई-दादा मिळतात आणि तुम्हाला सलग वीस मिनिटं ओट्यापाशी उभं राहता येतं.

ताटं वाढताना दोन गोष्टी. चार वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षं उभी चार भागांत चिरा, अख्खे दाणे, काजू, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे ताटात नकोत. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध अजिबात नको, आणि तो कॉर्नब्रेडमध्ये किंवा हॅमवर लपलेला असू शकतो. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची: आपण दाण्याचं कूट कशातही घालतो. रताळ्याचा कीस, कोशिंबीर, भरली वांगी. ‘आम्ही नट्स वापरत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगताना कुटाची आठवणच राहत नाही. पाहुण्यांच्या मुलांना ॲलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारा आणि असेल तर त्या दिवशी कुटाचा डबाच बाहेर काढू नका.

जेवणाआधी घरात श्लोक म्हणत असाल तर त्या दिवशीही म्हणा. लांबलचक भाषणं मात्र नकोत. प्रत्येकाने एकच वाक्य, आणि सुरुवात सर्वांत लहान मुलापासून, कारण त्याचा धीर आधी सुटतो.

गोष्ट कोणती सांगायची?

शाळेतून मुलं टोपीवाले पिल्ग्रिम (इंग्लंडहून येऊन इथे वसलेले लोक) आणि पिसांचा कागदी मुकुट घेऊन येतात. गोष्ट खोटी नाही, पण फार गुळगुळीत झाली आहे. १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतीचं पहिलं पीक हाती आलं, तेव्हा मॅसासोइट हा तिथल्या मूळनिवासी वाम्पनोआग लोकांचा प्रमुख सुमारे नव्वद माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं झालं आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं आणली. त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात एवढं आहे. त्याच वसाहतीला मका लावायला शिकवणारेही तिथलेच लोक होते. पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच दोन समाजांत भीषण युद्ध झालं आणि वाम्पनोआगांचं फार नुकसान झालं. राष्ट्रीय सण म्हणून परंपरा सुरू होते ती १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या घोषणेपासून. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. १९७० पासून प्लिमथला याच दिवशी मूळनिवासी लोक शोकदिन पाळतात.

चार वर्षांच्या मुलाला युद्ध सांगायची गरज नाही. ‘ज्यांची जमीन होती त्यांनी नव्या माणसांना मदत केली, पण नंतर नवी माणसं त्यांच्याशी नीट वागली नाहीत. ते लोक आजही आहेत’ एवढं त्याला कळतं. सात-आठ वर्षांचं मूल पुढचे प्रश्न स्वतःच विचारतं. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार मूळ अमेरिकन वारशाचा दिवस म्हणून पाळतात, म्हणून आपण राहतो ती जमीन कोणाची होती हे त्या दिवशी त्याच्याबरोबर शोधता येईल. बुधवारीच ग्रंथालयातून पुस्तक आणून ठेवा, गुरुवारी ते बंद असतं. पिसांचा मुकुट मात्र घरात घालायला लावू नका. ती दुसऱ्यांची मानाची वस्तू आहे.

शुक्रवारपासून पुढे

उरलेलं अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, उथळ डब्यांत. गप्पांच्या नादात टर्की चारपर्यंत टेबलावर राहते, तसं नको. फ्रीजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते.

शुक्रवारी कोणालाही आणखी टर्की नको असते, म्हणून तिचं रूप बदला. मांस हाताने तोडून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं करा, हाडांचा रस्सा. दूध-लोणी घातलेल्या मॅश बटाट्याचे वडे मात्र होत नाहीत, तेलात फुटतात. त्यात भाजणी किंवा ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालीपीठ लावा.

ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे या शुक्रवारच्या मोठ्या सेलच्या, रांगेत मुलांना नेऊ नका. डिसेंबरात भारतात जायचं असेल आणि बॅगा भरायच्या असतील तर रात्री मुलं झोपल्यावर ऑनलाइन काय ते घ्या. दिवसा अंगणातली पानं गोळा करा, ढीग करा, उड्या मारू द्या. ईशान्येकडच्या राज्यांत नोव्हेंबरातही गोचीड असतात, तेव्हा घरात आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघा.

शनिवार मोकळा सोडा. दिवाळीचा कंदील अजून बाहेर लटकत असेल तर तो उतरवायचा की ख्रिसमसच्या दिव्यांबरोबर राहू द्यायचा, एवढाच वाद घालायला ठेवा. रविवारी प्रवास असेल तर पहाटे निघा, दुपारनंतर महामार्ग तुंबतात. घरीच असाल तर मुलांना नेहमीच्या वेळी झोपवा आणि फ्रीज रिकामा करा. टर्की-ग्रेव्ही उरली असेल तर फ्रीझरमध्ये टाका किंवा फेकून द्या. सोमवारच्या डब्यात पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) पाय देऊ नका, पुष्कळ शाळांत काजू-बदाम-अक्रोड चालत नाहीत. घारगे उरले असतील तर ते द्या, आणि एक-दोन जास्तच द्या, कारण मागणारे भेटतात.